पाकिटाची मागची बाजू

संध्याकाळी मुंबईहून कल्याणकडे सुटलेल्या लोकलच्या महिलांच्या डब्यात घाटकोपर मागे पडले की एक उद्योग सुरू होतो. पिशव्यांतून मेथीच्या जुड्या बाहेर येतात, मांडीवर वर्तमानपत्र पसरले जाते, गवारीच्या शिरा निघतात, मटार सोलले जातात. दिवा येईपर्यंत दुसऱ्या दिवशीच्या तीन-चार डब्यांची भाजी निवडून झालेली असते. आहारशास्त्र शिकवत असताना मी विद्यार्थिनींना सांगत असे की, मध्य रेल्वेवरचे सर्वांत मोठे अन्नप्रक्रिया केंद्र कुठल्याही औद्योगिक वसाहतीत नाही, ते या डब्यात आहे. मुली हसत. पण त्यात विनोद थोडा आणि व्याख्या अधिक होती. धान्य, भाजी, दूध, मासळी जशी हाती येते तशी न खाता ती निवडणे, वाळवणे, दळणे, आंबवणे, टिकवणे याचेच नाव प्रक्रिया.

अलीकडे मात्र हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. ‘प्रोसेस्ड’ म्हटले की नाक मुरडायचे आणि ‘घरचे’ म्हटले की हात जोडायचे. व्याख्याते, सल्लागार, मोबाइलवर फिरणारे निरोप, सगळे एका सुरात सांगतात की पाकिटातले अन्न म्हणजे विष. या सुराने कंपन्यांचे फारसे काही बिघडत नाही. बिघडते ते सकाळी सातच्या गाडीसाठी धावणाऱ्या बाईचे. मुलाच्या डब्यात पाकीट दिसले की शाळा विचारते, सासू विचारते, शेजारीण विचारते. आणि आरोपीच्या पिंजऱ्यात ती एकटी उभी असते. ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात हा खटला घरोघरी चालतो. म्हणून त्यातला पुरावा एकदा नीट तपासला पाहिजे. माझे म्हणणे थोडक्यात असे: अन्न घरात तयार झाले की कारखान्यात, यावरून त्याचे पोषणमूल्य ठरत नाही. त्यातून काय काढून घेतले आणि त्यात काय घातले, यावरून ते ठरते.

गच्चीवरचा कारखाना

सुरुवात आजीपासूनच करू. चैत्र-वैशाखाच्या उन्हात डोंबिवलीतल्या इमारतींच्या गच्च्यांवर आजही जुन्या साड्या अंथरल्या जातात आणि त्यांवर पापड, सांडगे, कुरडया वाळत पडतात. पाणी कमी केले की जंतूंना वाढायला जागा राहत नाही. मीठ, साखर, तेल यांचेही काम तेच. लोणच्यावर तेलाचा थर का हवा, आमसुले मिठाच्या रसात पुनःपुन्हा बुडवून का वाळवायची, हे आपल्या बायकांना जंतुशास्त्राचे पुस्तक न उघडता ठाऊक होते. भाजी न मिळणाऱ्या पावसाळ्याची ती बेगमी होती.

पण घरचे म्हणून सगळे सारखेच पौष्टिक का? कुरडईचे पाहा. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, चोथा गाळून टाकायचा आणि खाली बसलेला चीक तेवढा घ्यायचा. चोथ्याबरोबर कोंडा गेला, तंतू गेले, जीवनसत्त्वे आणि क्षार बरेचसे गेले. उरला तो मुख्यतः पिष्ट. मग तो तेलात तळायचा. चवीला कुरडई लाजवाब, पण पोषणाच्या हिशेबात ती मैद्याची सख्खी बहीण आहे. पापडात मीठ असते, वर पापडखारही असतो. त्यामुळे त्यातले सोडियम बाजारातल्या कुरकुरीत पदार्थांच्या पंगतीला सहज बसते.

आता त्याच आजीच्या फडताळातला दुसरा डबा उघडा. मेतकूट. हरभऱ्याची डाळ, उडीद, तांदूळ, गहू भाजून दळायचे. धान्याच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडते, डाळीत मेथिओनिन कमी पडते. दोन्ही एकत्र आली की एकीची उणीव दुसरी भरून काढते. आजारातून उठलेल्याला मऊ भात, तूप आणि मेतकूट देण्यात शहाणपण होते ते हे. थालीपिठाची भाजणी त्याच घराण्यातली. मोड आलेल्या मटकीचे तर कौतुकच करायला हवे. कोरड्या कडधान्यात ‘क’ जीवनसत्त्व जवळपास नसते; भिजवून मोड आणले की ते तयार होते, आणि लोह शोषू न देणारे फायटेट कमी होते. इडलीचे पीठ आंबते तेव्हाही असेच काही भले होते.

कोकणातला उकडा तांदूळ हे याहून मोठे उदाहरण. भात भिजवून, वाफवून मग सडले तर कोंड्यातले ‘ब-१’ जीवनसत्त्व दाण्याच्या आत शिरते आणि सडल्यावरही बरेचसे टिकते. पांढऱ्याशुभ्र, सडलेल्या तांदळावर जगणाऱ्यांना बेरीबेरी का होतो, हे कोडे जावामध्ये ख्रिस्तियान आयकमन या डच डॉक्टरांना १८९०च्या दशकात कोंबड्यांवरून सुटू लागले. १९२९ साली त्यांना नोबेल मिळाले. एकाच तांदळावरच्या दोन प्रक्रिया. एक रोग आणते, दुसरी तो टाळते. प्रक्रिया या शब्दाला सरसकट शिवी घालणाऱ्यांनी यावर थोडा विचार करावा.

दूध आणि मीठ

कारखान्याने आपल्याला काय दिले, हे आपण विसरलो आहोत, कारण ते रोज सकाळी दारात येऊन पडते. मुंबई आणि उपनगरांत एके काळी दूध गोठ्यांतून यायचे. त्यात पाणी किती आणि ते कुठले, हे गवळ्यालाच ठाऊक. दूध ७२ अंश सेल्सिअसला पंधरा सेकंद तापवून लगेच थंड केले की रोगजंतू मरतात. ‘ब’ गटातली काही जीवनसत्त्वे थोडी घटतात, पण प्रथिने आणि कॅल्शियम यांना धक्का लागत नाही. जी लहान मुले दुधातून येणाऱ्या आजारांपासून वाचली, त्यांच्या वतीने हा तोटा आनंदाने सोसण्यासारखा आहे.

टोन्ड दूध ही तर मुंबईचीच देणगी. म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळून स्निग्धांश सुमारे तीन टक्क्यांवर आणायचा, प्रथिने मात्र कमी होऊ द्यायची नाहीत, ही युक्ती दारा खुरोडी यांची. १९४६ साली ते दूध मुंबईत विकायला आले. दुधात पाणी म्हणजे भेसळ, असे पिढ्यान्‌पिढ्या मानणाऱ्या शहरात सरकारी अधिकाऱ्याने उघडपणे पाणी घालावे आणि त्यातून गरिबाच्या पोराला परवडणारे दूध निर्माण व्हावे, हा चमत्कारच होता. खुरोडी, त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन या तिघांना १९६३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज पिशवीतले दूध ‘नकली’ म्हणून हिणवणाऱ्यांना हा इतिहास कुणी सांगत नाही.

मिठाची गोष्ट तर आपल्या अंगणातली. मुलुंड-कांजूरपासून भाईंदरपर्यंत खाड्यांच्या काठाने मिठागरे होती. तिथले खडे मीठ आमच्या पिढीच्या आयांनी बरण्यांत भरले. पण समुद्राच्या मिठात आयोडीन नगण्य असते. त्याच्या अभावी गलगंड होतो हे दिसते. गर्भातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते ते दिसत नाही. भारतात गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम १९६२ साली सुरू झाला आणि थेट खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यावर २००६ साली देशभर बंदी आली. चिमूटभर प्रक्रिया, खर्च नाममात्र आणि लाभ पिढीचा. अशा वेळी ‘पांढरे मीठ सोडा, सैंधव धरा’ असा उपदेश घरोघर फिरतो तेव्हा मला काळजी वाटते. सैंधव जरूर आणा, पण त्याच्या पाकिटावर ‘आयोडीनयुक्त’ हा शब्द शोधा; घरात गर्भवती असेल तर नक्कीच शोधा.

गोठवलेल्या मटारांचेही असेच. शेंग तोडल्यापासून तिच्यातले ‘क’ जीवनसत्त्व उतरू लागते. हंगामात तोडून, उकळत्या पाण्यातून काढून लगेच गोठवलेला मटार सुरुवातीला थोडे गमावतो, मग मात्र महिनोन्‌महिने टिकवून धरतो. चार दिवस पोत्यात पडून मलूल झालेल्या ‘ताज्या’ शेंगेपेक्षा तो उणा नसतो, पुष्कळदा सरसच असतो. स्टेशनबाहेर निवडलेली मेथी, सोललेला लसूण, चिरलेला फणस घेऊन बसणाऱ्या बायकांकडून भाजी घेताना कुणाला अपराधी वाटत असेल तर तेही मनातून काढून टाकावे. चिरून ठेवलेल्या भाजीतली जीवनसत्त्वे थोडी कमी होतात, हे खरे. ती त्याच दिवशी शिजवावी, घरी आणल्यावर धुवावी, हेही खरे. पण निवडायला वेळ नाही म्हणून जी मेथी घरात आलीच नाही, तिच्यातले लोह कुणाच्या रक्तात जाणार? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. या राज्यात भाजी पोटात जाणे महत्त्वाचे. ती कुणी निवडली हा प्रश्न नंतरचा.

काढले काय, घातले काय

इथवर वाचून कंपन्यांनी टाळ्या वाजवू नयेत. कारखान्याने दूध-मीठ दिले, तसेच वनस्पती तूपही दिले. ‘डालडा’ १९३७ साली आला आणि मध्यमवर्गाच्या फडताळात तुपाच्या जागी जाऊन बसला. पातळ तेलात हायड्रोजन सोडून ते थिजवताना त्यात ट्रान्स मेद तयार होतो. तो वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो आणि चांगले घटवतो. बेकरीतली खारी, नानकटाई, केकवरचे गुलाबी क्रीम, सगळीकडे तो होता. पुढे सरकारने त्याला मर्यादा घातली: २०११ साली दहा टक्के, नंतर पाच, २०२१ साली तीन आणि २०२२च्या जानेवारीपासून दोन टक्के. उशीर पुष्कळ झाला, पण एक धडा मिळाला. लोकांना ‘बेकरीचे खाऊ नका’ असे वर्षानुवर्षे सांगून जे झाले नाही, ते नियमाने झाले.

आजचा प्रश्न वनस्पती तुपापेक्षा चिवट आहे. ब्राझीलमधले संशोधक कार्लोस मोंतेइरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९च्या सुमारास अन्नाची नवी वर्गवारी मांडली. तिच्या शेवटच्या गटाला त्यांनी ‘अतिप्रक्रियित’ म्हटले: पिष्ट, साखर, तेल, प्रथिनांचे अर्क असे सुटे भाग रंग, स्वाद आणि पायसीकारके घालून पुन्हा जोडलेले पदार्थ. झटपट नूडल्स, रंगीत पेये, क्रीमची बिस्किटे, चटकदार कुरकुरीत तुकडे या गटात येतात. २०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वीस प्रौढांना दोन आठवडे असे अन्न आणि दोन आठवडे साधे अन्न दिले गेले. समोर मांडलेल्या जेवणात उष्मांक, साखर, मेद, तंतू, मीठ सारखेच ठेवले होते आणि हवे तेवढे खायची मुभा होती. अतिप्रक्रियित अन्नावर माणसे रोज सुमारे ५०० किलोकॅलरी अधिक खाऊन गेली आणि दोन आठवड्यांत जवळपास किलोभर वाढली. हे अन्न चावावे लागत नाही, भराभर उतरते, पोट भरल्याची वर्दी पोचेपर्यंत पाकीट संपलेले असते. भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज २०२३ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीतून आला, तो या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे.

म्हणजे दोन पाकिटे शेजारी ठेवली की दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. एकात दूध, मटार, पोहे, उकडा तांदूळ, मेतकूट. दुसऱ्यात मैदा, साखर, पामतेल आणि सुवास. दोन्हींवर ‘प्रोसेस्ड’ हा एकच शिक्का मारला की पहिल्यावर अन्याय होतो आणि दुसऱ्याला लपायला आडोसा मिळतो.

पोळी कुणी लाटली?

या पट्ट्याचा आणखी एक शोध आहे, तो म्हणजे पोळी-भाजी केंद्र. डोंबिवलीच्या दोन्ही बाजूंना, ठाण्यात नौपाड्यात, कल्याणमध्ये स्टेशनकडून घराकडे जाणाऱ्या रस्त्यांवर ही केंद्रे आहेत. संध्याकाळी रांगेत उभे राहावे, मोजून पोळ्या घ्याव्यात, जोडीला भाजी, आमटी. यामागचा हिशेब रेल्वेचा आहे. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी १८५३ साली धावली, पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले, आणि पुढच्या काळात घर एकीकडे व नोकरी दुसरीकडे अशी विभागणी झाली. डोंबिवली ते मुंबईचे टर्मिनस हे अंतर सुमारे ४८ किलोमीटर. जाऊन-येऊन जवळपास शंभर. एवढे अंतर रोज उभ्याने कापणाऱ्या बाईने घरी येऊन कणीक मळावी, ही अपेक्षा ज्यांना पवित्र वाटते त्यांपैकी किती जण स्वतः मेथी निवडतात, हे मला जाणून घ्यायला आवडेल.

केंद्रातली पोळी ही शंभर टक्के ‘प्रक्रिया केलेली’ आणि ‘बाहेरची’. तरी ती गव्हाच्या पिठाची, कोंड्यासकट, त्याच दिवशी भाजलेली. तिच्यात आणि घरच्या पोळीत पोषणाचा फरक शोधूनही सापडायचा नाही. पाहायचे ते तेल किती, मीठ किती आणि स्वच्छता कशी. ही मुंबईच्या परिसरातली जुनीच परंपरा. १९५९ साली गिरगावातल्या सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, त्याचे ‘लिज्जत’ झाले. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त एकत्र आणले. घरातले बिनमोल काम बाहेर आले तेव्हाच त्याला दाम मिळाला. पोळी-भाजी केंद्राने एका बाईचा तास वाचवला आणि दुसऱ्या बाईला रोजगार दिला.

पण त्या दुसऱ्या बाईच्या घरी जाऊन पाहू. मी पाहिलेल्या केंद्रांत पोळ्या लाटणाऱ्या बायका पहाटे घर सोडतात. मागे राहिलेल्या मुलाची न्याहारी म्हणजे चहा आणि पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा. दुसऱ्यांच्या मुलांसाठी शेकड्याने पोळ्या लाटणाऱ्या हातांना स्वतःच्या मुलासाठी पोळी लाटायला सवड नसते. पाकिटाच्या चर्चेतला सर्वांत मोठा अन्याय इथे आहे. ग्लुकोज बिस्किटांच्या शंभर ग्रॅममध्ये साडेचारशेच्या आसपास किलोकॅलरी, साधारण पाव हिस्सा साखर आणि सहा-सात ग्रॅम प्रथिने. भूक मारायला ते उत्तम, अंग भरायला अपुरे. त्याच दुकानात, तेवढ्याच पैशांत, फुटाणे मिळतात. तेही प्रक्रिया केलेलेच, तापल्या वाळूत भाजलेले. शंभर ग्रॅममध्ये प्रथिने विसाच्या आसपास, तंतू भरपूर. शेंगदाणेही तसेच. पण फुटाण्यांना जाहिरात नाही, चकचकीत वेष्टन नाही, त्यांच्या पुडीवर हसरे गुटगुटीत बाळ नाही. माहितीच्या या दुष्काळाचा दुसरा नमुनाही पाहा. २०२१ नंतर रेशनवर लोह, फॉलिक आम्ल आणि ‘ब-१२’ मिसळलेले तांदळाचे दाणे शंभरास एक या प्रमाणात आले, तेव्हा ठिकठिकाणी लोकांनी ते ‘प्लास्टिकचे’ म्हणून निवडून फेकून दिले. त्यांना कुणी नीट सांगितलेच नव्हते.

मराठीत सांगा

तेव्हा करायचे काय? घरापुरते उत्तर सोपे आहे. पाकिटाची पुढची बाजू कंपनीची, मागची तुमची. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. पहिल्या तिघांत मैदा, साखर आणि पामतेल असतील तर पुढे ‘पौष्टिक’ म्हणून काहीही लिहिलेले असो, तो खाऊ आहे, जेवण नव्हे. खाऊ म्हणून कधीमधी खायलाही हरकत नाही. दिवसाची सोडियमची मर्यादा दोन ग्रॅम, म्हणजे सुमारे पाच ग्रॅम मीठ. एका पाकिटात त्यातला किती वाटा जातो तो आकडा पाहा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारसूत्रांतही लेबल वाचण्याचे स्वतंत्र सूत्र आहे.

पण वाचायचे कसे? ही माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असली की कायद्याचे समाधान होते, मराठी ऐच्छिक. तीही मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत. चिलीने २०१६ साली साखर, मीठ, मेद जास्त असलेल्या पाकिटांच्या दर्शनी भागावर काळे अष्टकोनी इशारे सक्तीचे केले. निरक्षर माणसालाही कळतील असे. आपल्याकडे २०२२ साली इशाऱ्याऐवजी तारे देण्याचा मसुदा आला, त्यावर आहारतज्ज्ञांनी आक्षेप घेतले, आणि २०२५ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. सिगारेटच्या पाकिटाला तारे द्यावेत असे कुणाला सुचले नाही, हे नशीब.

म्हणून माझी मागणी त्या दमलेल्या बाईकडे नाही. पाकिटावरचा इशारा पुढच्या बाजूला हवा, ठळक हवा आणि महाराष्ट्रात तो मराठीत हवा. अंगणवाडीत, बालवाडीत, रेशनच्या दुकानात चांगल्या प्रक्रियेचे अन्न मिळावे आणि ते काय आहे हे सांगणारा माणूसही तिथे असावा. शाळांनी मुलांच्या डब्यांची झडती घेण्याआधी आपल्या फाटकासमोरच्या टपरीत फुटाणे-दाणे मिळतात का, ते पाहावे. आणि घरातल्या बाकीच्यांनी, विशेषतः पुरुषांनी, पाकिटाला नावे ठेवण्याचा हक्क हवा असेल तर तो आधी विळीवर बसून कमवावा.